‘पाऊसपाणी काय म्हणतंय?’ हे इंग्रजीत विचारायला शिकवताना: दहा तासांच्या नोंदी

काम असं: पुण्यातला ज्येष्ठांचा संध्याकाळचा वर्ग, १४ जण. बहुतेक जण मे-जूनमध्ये मुलांकडे निघणार, ९ अमेरिकेला आणि ५ इंग्लंडला. सगळ्यांना इंग्रजी वाचता येतं, शाळेतलं व्याकरणही आठवतं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. सुरुवातीला हवापाण्याचा भाग घेतला, कारण तिकडे शेजाऱ्याशी, बसथांब्यावर किंवा नातवाच्या शाळेबाहेर उभ्या पालकांशी पहिलं बोलणं बहुधा यावरच होतं. आठवड्याला दोन तास, पाच आठवडे. असा वर्ग दुसरीकडे घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी तारखेवार ठेवल्या आहेत.

४ मार्च, तयारी

वाक्यांची पहिली यादी ३१ वर गेली. दहा तासांत ३१ वाक्यं वाचून होतील, तोंडात बसणार नाहीत. काटछाट करून आठ ठेवली: ‘वॉट्स द वेदर लाइक?’, ‘इज इट रेनिंग?’, ‘इज इट गोइंग टु रेन?’, ‘डिड इट रेन?’, ‘हाउ कोल्ड इज इट?’, ‘वॉट्स द फोरकास्ट फॉर टुमॉरो?’, ‘डू आय नीड अ जॅकेट?’ आणि ‘लव्हली डे, इझंट इट?’

‘कॅन यू टेल मी वॉट द वेदर इज लाइक’ हे मुद्दाम गाळलं. त्यात ‘इज’ची जागा बदलते. साधा प्रश्न बसण्याआधी ते शिकवलं तर लोक साध्या प्रश्नातही ‘वॉट द वेदर इज’ म्हणू लागतात.

‘विल इट रेन?’ चुकीचं नाही, पण एकाच कामाला दोन वाक्यं दिली की ऐन वेळी कोणतं वापरायचं यातच माणूस अडकतो. म्हणून भविष्याला एकच दिलं.

शहरांची कार्डं केली: एका बाजूला शहराचं नाव, दुसऱ्या बाजूला तापमान, आभाळ आणि वारा. एकूण ४८ कार्डं, ए-फोरच्या एका कागदावर ८. सहा कागद, रंगीत छपाई कागदाला १० रुपये, लॅमिनेशन २० रुपये, म्हणजे १८० रुपये.

६ मार्च, पहिला तास

दोन गोष्टी फसल्या. पहिली कार्डांची. अक्षर १४ पॉइंटचं आणि लॅमिनेशन चकचकीत. ट्यूबलाइटखाली कार्डावर पांढरा पट्टा उमटत होता, त्यामुळे जो तो कार्ड तिरकं करून, चष्मा वर-खाली करून वाचत होता. बोलण्याचा तास वाचण्यात गेला. सगळी कार्डं बाद.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. जोड्या करून एकमेकांना ‘वॉट्स द वेदर लाइक?’ विचारायला सांगितलं. बाहेर लख्ख ऊन, खिडकी समोर. उत्तर दोघांनाही माहीत. तिसऱ्या फेरीला प्रश्नातला जीव गेला आणि नुसता सूर लावून पाठांतर सुरू झालं. पुण्यात मार्चभर हवा जवळपास एकसारखी असते, त्यामुळे उद्या वेगळं काही निघेल ही आशाही नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्याकडून खरा प्रश्न निघत नाही. त्याचा आवाज वर जात नाही आणि तो उत्तराकडे कानही देत नाही.

११ मार्च

नवी कार्डं: अक्षर २८ पॉइंट, मॅट लॅमिनेशन, एका कागदावर चारच. २४ कार्डं, सहा कागद, कागदाला ४० रुपये, एकूण २४० रुपये. ही बिनतक्रार वाचता येतात. ज्येष्ठांसाठी २४ पॉइंटच्या खाली जाऊ नये.

जोडीतल्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. एकाच्या हातात कार्ड: ‘लेस्टर, ७ अंश, रिमझिम, वारा’. दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन. विचारल्याशिवाय कागद भरता येत नाही. दहा मिनिटांत फरक दिसला, कारण आता उत्तर हवं होतं. शेवटी कागद आणि कार्ड शेजारी ठेवून ताडून बघायचं. एका कागदावर ७ च्या जागी ११ आलं: सेव्हन आणि इलेव्हन. पाठमोरं बसलं की ओठ दिसत नाहीत, त्यामुळे कानाचीही परीक्षा होते. टेलिफोनवर नेमकं हेच होणार आहे.

आज सर्वांत जास्त वेळा झालेली चूक: ‘हाउ इज द वेदर लाइक?’ मराठीत ‘कसं आहे’ म्हणून तोंडात आधी ‘हाउ’ येतं आणि पाठ केलेलं ‘लाइक’ शेवटी चिकटतं. दोन बरोबर वाक्यांची ही भेसळ आहे. ‘हाउ’ घेतलं तर ‘हाउज द वेदर?’ इथेच थांबायचं. ‘लाइक’ हवं असेल तर सुरुवात ‘वॉट’ने. दुसरा गोंधळ असा की ‘लाइक’ म्हणजे आवडणं असं धरून दोघांनी ‘आय लाइक कोल्ड’ असं उत्तर दिलं. इथे ‘लाइक’ म्हणजे ‘कशासारखं’, एवढंच सांगितलं. मग टेबलावर टिचकी मारून सगळं वाक्य एका दमात म्हणवून घेतलं, ठोका फक्त ‘वे’वर. शब्द सुटे करून समजावण्यापेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

१३ मार्च, तास वाया

भारतीय हवामान विभागाची इंग्रजी पत्रकं वाचनासाठी आणली. ‘हेवी टु व्हेरी हेवी रेनफॉल ॲट आयसोलेटेड प्लेसेस’ यातला ‘हेवी’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’, आणि ‘आयसोलेटेड’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. माहिती चांगली आहे, सगळ्यांना रसही आला. पण अशी भाषा कुणी शेजाऱ्याशी बोलत नाही. तासाच्या शेवटी एका काकांनी विचारलं, ‘इज देअर आयसोलेटेड रेन टुडे?’ चूक त्यांची नव्हती, समोर ठेवलेल्या मजकुराची होती. पत्रक हे वाचायचं इंग्रजी, इथे विचारायचं इंग्रजी हवं. पुढच्या वेळी हा तास काढून टाकावा.

एक दुरुस्ती मात्र याच तासाला झाली: ‘टुडेज क्लायमेट इज गुड’. ‘क्लायमेट’ म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी, जागतिक हवामान संघटना ती ३० वर्षांच्या आकड्यांवरून काढते. आजच्या दिवसाला ‘वेदर’च. मराठीत ‘हवामान’ दोन्हीकडे चालतं, म्हणून गल्लत होते. ‘आज हवा कशी आहे’वरून ‘हाउ इज द एअर?’ असंही आलं. तिकडे त्याचा अर्थ हवेचं प्रदूषण असा घेतला जाईल.

१८ मार्च

आजचा तास सगळ्यांत चांगला गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

‘पाऊस पडतोय का?’ याचं ‘इज रेन कमिंग?’, ‘इज रेन फॉलिंग?’, ‘इज रेन देअर?’ असं काहीही होत होतं. मराठीत पाऊस हा कर्ता आहे, तो येतो, पडतो, दडी मारतो, थांबतो. इंग्रजीत पाऊस क्रियापदात जातो आणि कर्त्याच्या जागी ‘इट’ येतं. तीन तास हे ‘इट म्हणायचं, बस’ असं सांगून पाहिलं, टिकलं नाही. प्रत्येक जण विचारत राहिला: ‘इट’ म्हणजे कोण?

आज फळ्यावर मराठी शब्द लिहिले: उकडतंय. गडगडतंय. उजाडलं. अंधारून आलंय. मग विचारलं, कोण उकडतंय? कोण गडगडतंय? कुणीच नाही. शाळेत यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणून शिकलेले निम्म्याहून जास्त जण निघाले आणि त्यांनीच बाकीच्यांना समजावलं. म्हणजे मराठीलाही बिनकर्त्याचं वाक्य चांगलं ठाऊक आहे, फक्त आपण ती जागा रिकामी ठेवतो आणि इंग्रजी तिथे ‘इट’ची पाटी लावते. उकडतंय: ‘इट्स हॉट’. गडगडतंय: ‘इट्स थंडरिंग’. अंधारून आलंय: ‘इट्स गेटिंग डार्क’. हे तीन झाल्यावर ‘इट्स रेनिंग’ आपोआप आलं. प्रश्न करताना फक्त अदलाबदल: ‘इज इट रेनिंग?’

क्रम महत्त्वाचा आहे. आधी उकडतंय, पाऊस सगळ्यात शेवटी. पावसापासून सुरुवात केली की मराठी कर्ता आडवा येतो.

‘पाऊस पडला का?’ला ‘डिड इट रेन्ड?’ येतं. भूतकाळ ‘डिड’मध्ये झाला, ‘रेन’ला परत लावायचा नाही. एवढं फळ्यावर दाखवलं आणि पुढे गेलो.

२० मार्च, फोन

आज वर्गातून मुलांना खरा फोन लावायचा होता. पूर्ण संभाषण इंग्रजीत, फक्त हवापाण्याचं, तीन मिनिटं. मुलांना आधीच कळवून ठेवलं होतं.

अर्धा तास बुडाला. न्यू जर्सी आणि आसपासच्या चौघांच्या घरी कुणी फोन उचलला नाही. कारण घड्याळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. महिन्याच्या सुरुवातीला ठरवलं तेव्हा पुण्यातले साडेपाच म्हणजे तिथले सकाळचे ७. आज तेच ८ झाले होते आणि मंडळी कामाला निघून गेली होती. इंग्लंडमध्ये हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे तिथे आज दुपारचे १२ च होते, एप्रिलमध्ये १ वाजलेला असेल. असा वर्ग मार्च-एप्रिलमध्ये घेणाऱ्यांनी फोनची वेळ ‘तुमच्या घड्याळात किती’ असं विचारून ठरवावी.

जे फोन लागले त्यांनी नवी अडचण दाखवली: प्रश्न नीट येतो, उत्तर समजत नाही. ‘इट्स अ बिट चिली’ हे एका काकूंनी मिरचीवर नेलं. ‘चिली’ म्हणजे अंगावर काटा येईल इतपत गारवा. ‘इट्स फ्रीझिंग’ ऐकून दुसऱ्या काकूंना वाटलं बर्फ पडतोय, पण बोलताना त्याचा अर्थ ‘कडाक्याची थंडी आहे’ इतकाच. ‘नॉट टू बॅड’ हे तक्रार म्हणून ऐकलं गेलं, खरं तर ‘बरंय की’ हा त्याचा भाव. आठ प्रश्न आणि शून्य उत्तरं ही मूळ आखणीच अपुरी होती.

आजपासून प्रत्येक कार्डामागे बोलीतलं उत्तर हाताने लिहायला घेतलं, समोर आपला शब्द: रिमझिम ‘ड्रिझलिंग’, सरी ‘शॉवर्स’, धो धो ‘पोअरिंग’, मळभ ‘ओव्हरकास्ट’, दमट उकाडा ‘मगी’, उघडलं ‘इट्स स्टॉप्ड’. ‘शॉवर्स’ला सगळे न्हाणीघरात जातात, तिथे ‘श्रावणातल्या सरी’ सांगितलं की लक्षात राहतं.

२५ मार्च, व आणि व्ह

घरून आलेली तक्रार: आईचं ‘वेदर’ नातवंडांना कळत नाही. आपला ‘व’ इंग्रजीच्या दोन ध्वनींच्या मध्ये कुठेतरी पडतो. भर म्हणजे मराठी लिखाण. आपण ‘व्हॅन’लाही व्ह लिहितो आणि ‘व्हॉट’लाही व्ह लिहितो. वाचणारा दोन्ही सारखेच म्हणतो. म्हणून वाक्यांच्या यादीत पहिल्यापासून ‘वॉट’ लिहिलं होतं, पण वहीत सगळ्यांनी सवयीने ‘व्हॉट’ उतरवून घेतलं. वह्या दुरुस्त करून घेतल्या.

उपाय: जोडीला एक छोटा आरसा. सात आरसे, ३० रुपयांप्रमाणे २१० रुपये. ‘वेदर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले तर चूक. ओठांचा आधी ‘उ’ करायचा, शीळ घालताना करतो तसा, आणि त्यातून सुटायचं: उ-एदर, उएदर, वेदर. मग ‘वेट’, ‘वॉर्म’, ‘विंडी’. वेट म्हणजे ओलं, दात टेकले तर ‘व्हेट’, म्हणजे गुरांचा डॉक्टर होतो. ‘द’ मात्र आपला चालतो, तिथे वेळ घालवायची गरज नाही.

२७ मार्च, अंश

‘तापमान किती आहे?’वरून ‘हाउ मच इज द टेम्परेचर?’ हमखास येतं. ‘वॉट्स द टेम्परेचर?’ किंवा यादीतलं ‘हाउ कोल्ड इज इट?’ ‘हॅव यू गॉट अ टेम्परेचर?’ असं कुणी विचारलं तर तो ताप आलाय का म्हणून विचारतोय. तसंच ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे थंडी वाजतेय आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झालीय.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी फॅरनहाइट. दोन्ही मापं असलेला भिंतीवरचा तापमापक आणला, १६० रुपये. सूत्र न देता युक्ती दिली: ३० वजा करा, निम्मे करा. ५० फॅरनहाइटचे बरोबर १० सेल्सिअस. ७० चे २० येतात, खरे २१. ९० चे ३० येतात, खरे ३२. १०४ ला मात्र ३७ येतात आणि खरे असतात ४०, म्हणजे उन्हाळ्यात ही युक्ती कमी दाखवते. हे न सांगता युक्ती देऊ नये. ‘बिलो झीरो’ अमेरिकेत ऐकलं तर ते शून्य फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे १८. इंग्लंडवाल्यांना अंश सेल्सिअसच मिळतात, तिथे फक्त वारा मैलांत सांगतात. त्या पाच जणांना या वेळात ‘जम्पर’ शिकवला: आपण ज्याला स्वेटर म्हणतो तो.

१ एप्रिल

‘फोर्टी पर्सेंट चान्स ऑफ रेन’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस, असं निम्म्या वर्गाला वाटलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजात त्याचा अर्थ तुम्ही आहात त्या जागी, त्या मुदतीत, निदान ०.०१ इंच पाऊस पडण्याची शक्यता. म्हणून आकडा विचारण्यापेक्षा ‘डू आय नीड अ जॅकेट?’ किंवा जॅकेटच्या जागी ‘ॲन अम्ब्रेला’ घालून विचारलेलं बरं. उत्तर हो किंवा नाही येतं आणि लगेच वापरता येतं. आठांतला सर्वांत कामाचा प्रश्न हाच.

‘फोरकास्ट ऑफ टुमॉरो’ अजून येतंय. ‘उद्याचा’तला ‘चा’ सुटत नाही. ‘फॉर टुमॉरो’ रोज पाच वेळा.

३ एप्रिल, न विचारलेला प्रश्न

‘लव्हली डे, इझंट इट?’ शेवटी ठेवलं ते योग्य झालं. आजवरचे सात प्रश्न माहितीसाठी. हा माहितीसाठी नाहीच. पहिल्या फेरीत उत्तरं आली: ‘थर्टी सिक्स डिग्रीज’, ‘नो, व्हेरी हॉट’. व्याकरण ठीक, पण समोरच्याचं बोलणं तिथेच तुटलं.

समजावायला आपल्याकडचंच घेतलं. वाटेत कुणी ‘काय, बाजाराला का?’ म्हणतं तेव्हा पिशवीत काय आणणार हे त्याला नको असतं. ‘हो, निघालोय’ एवढं पुरतं. इथेही तसंच: ‘येस, इट इज’ किंवा ‘येस, लव्हली’. मतभेद असला तरी आधी होकार, मग ‘बट अ बिट विंडी’. गावाकडून फोन आला की ‘पाऊसपाणी काय म्हणतंय?’ने सुरुवात होते. त्यात पिकाची खरी चौकशी असते आणि विचारपूसही असते. ‘हाउज द वेदर ओव्हर देअर?’ या वाक्यालाही असेच दोन हेतू असतात, सुरावरून ओळखायचे.

सूर असा: ‘छान हवा आहे ना’ म्हणताना ‘ना’ खाली उतरतो, तसंच ‘इझंट इट’ खाली उतरवायचं. वर नेलं तर ती खरी शंका होते आणि समोरचा आभाळाकडे बघायला लागतो. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. स्वतःचा सूर कानावर पडल्यावर लगेच सुधारला, फळ्यावर बाण काढून सुधारत नव्हता.

८ एप्रिल, शेवटचा तास

पुन्हा फोन, या वेळी तिथल्या घड्याळाप्रमाणे ठरवून. १४ पैकी १३ लागले. ‘हाउ... लाइक’ची भेसळ दोघांकडून झाली, ‘रेन इज कमिंग’ एकाकडूनही नाही. उत्तर न कळल्यावर अकरा जणांनी ‘सॉरी, से दॅट अगेन?’ म्हणून परत विचारलं. हे वाक्य यादीत नव्हतं, २० मार्चनंतर घातलं. खरं तर ते पहिल्या तासाला द्यायला हवं.

खर्च एकूण ७९० रुपये, त्यातले पहिल्या कार्डांचे १८० पाण्यात गेले. वेळेचं नुकसान दीड तास.

पुढची तुकडी जूनच्या मध्यावर सुरू करायची. तोवर पुण्यात पाऊस पोहोचलेला असतो, तेव्हा शहरांची कार्डं पहिल्या तासाला काढायचीच नाहीत. एकाने खिडकीकडे पाठ करून बसायचं आणि विचारायचं, दुसऱ्याने बाहेर बघून सांगायचं. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, तोवर आभाळही बदललेलं असेल.